विद्यापीठाचं मेंटेनन्स सॉफ्टवेअर अपग्रेड करताय? आधी काय, मग काय, आणि काय अजिबात करू नका

मला वेगवेगळ्या कॅम्पसमधून एकाच प्रकारचे फोन येतात. शनिवारी व्हेंडरचा माणूस आला, त्याने कंप्लेंट आणि सर्व्हिसिंगच्या तारखा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन टाकलं, स्क्रीन छान दिसतेय, आणि सोमवारी सकाळी वायरमनच्या मोबाईलवर एकही कंप्लेंट नाही. हॉस्टेलचे रेक्टर इंजिनिअरिंग सेक्शनला फोनवर फोन करतायत, जुन्या पेंडिंग तक्रारी सगळ्या क्लोज दिसतायत आणि लिफ्टच्या सर्व्हिसिंगची तारीख कुठे गेली ते कोणालाच माहीत नाही. दरवेळी कारणं त्याच चार-पाच गोष्टींची असतात म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतेय.

हे जेई (ज्युनिअर इंजिनिअर), डेप्युटी इंजिनिअर, संगणक केंद्रातली मंडळी आणि कंप्लेंट सेलचे क्लार्क यांच्यासाठी आहे. त्याच सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन असो, खालचा सर्व्हर बदलायचा असो किंवा जुनं घरी बनवलेलं सॉफ्टवेअर सोडून नवीन पॅकेजवर जायचं असो, क्रम जवळपास हाच राहतो. पुढे दहा टप्पे आहेत आणि त्यातले पहिले आठ तयारीचे आहेत. प्रत्यक्ष अपग्रेड एका वीकेंडचं काम आहे, तयारी मात्र दोन-अडीच महिने खाते, आणि ती कमी करायचा प्रयत्न केला की वरचे फोन सुरू होतात.

१. नक्की काय बदलतंय ते एका कागदावर लिहा

"अपग्रेड" म्हटलं की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असतं. इंजिनिअरला मोबाईल अ‍ॅप हवं असतं, संगणक केंद्राला जुना सर्व्हर बंद करायचा असतो, अकाउंट्सला खर्चाचे रिपोर्ट हवे असतात. म्हणून एका कागदावर तीन रकाने करा: सॉफ्टवेअरचं आत्ताचं आणि नवीन व्हर्जन, डेटाबेसचं आत्ताचं आणि नवीन, सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं आत्ताचं आणि नवीन.

हे लिहिताना बऱ्याच गोष्टी लक्षात येतात. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट (म्हणजे नेहमीच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं) १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, एसक्यूएल सर्व्हर २०१४ या डेटाबेसचा ९ जुलै २०२४ ला, मायएसक्यूएल ५.७ या दुसऱ्या डेटाबेसचा ऑक्टोबर २०२३ मध्ये, पीएचपी ७.४ या प्रोग्रामिंग भाषेचा नोव्हेंबर २०२२ मध्ये. एसक्यूएल सर्व्हर २०१६ साठी तारीख आहे १४ जुलै २०२६, म्हणजे आज "थोडं नवीन" म्हणून त्यावर गेलात तर लगेच परत हेच काम करावं लागणार. इंटरनेट एक्सप्लोरर या जुन्या ब्राउझरचं शेवटचं, ११ वं व्हर्जन जून २०२२ मध्येच बंद झालं, तरी फक्त त्यातच उघडणारी जुनी स्क्रीन एखाद्या स्टोअरच्या पीसीवर अजून सापडते, ती आत्ताच शोधा.

व्हेंडरला लेखी विचारा की आपल्या व्हर्जनवरून थेट नवीनवर उडी मारता येते का मधलं व्हर्जन आधी टाकावं लागतं. खूप जुन्या इन्स्टॉलेशनला मधली एक-दोन व्हर्जन चढत जावी लागतात आणि प्रत्येक पायरीला वेळ लागतो. हे ऐनवेळी शनिवारी रात्री कळलं तर रविवार पुरत नाही.

दुसरं, या कामाचा एक मालक ठरवा, आणि तो मेंटेनन्सकडचा असू दे. संगणक केंद्र सर्व्हर, बॅकअप, नेटवर्क सगळं उत्तम करेल, पण "पंप हाऊस २" म्हणजे जुन्या टाकीखालचं की नवीन हॉस्टेलमागचं हे त्यांना कसं कळणार. कुलसचिवांच्या सहीने एक छोटं कार्यालयीन पत्र काढून घ्या, त्यात कोणाचा निर्णय अंतिम ते लिहा.

सावधान: अपग्रेडसोबतच कामाची पद्धत बदलू नका. नवीन मंजुरीची साखळी, नवीन कॅटेगऱ्या, नवीन रेटिंग सिस्टिम हे सगळं दोन महिन्यांनी करा. दोन्ही एकदम केलं की काही बिघडल्यावर सॉफ्टवेअर चुकलं की माणसं गोंधळली हे शोधताच येत नाही.

पर्चेस ऑर्डरमध्ये ज्या अटी घालायच्या त्या याच टप्प्यावर: एक पूर्ण ट्रायल मायग्रेशन (सगळा डेटा नवीन सिस्टिममध्ये नेऊन बघणं), जुन्या-नवीन रेकॉर्डची संख्या जुळवून लेखी रिपोर्ट, आपला सगळा डेटा वाचता येईल अशा साध्या फॉरमॅटमध्ये परत मिळण्याचा हक्क, आणि शेवटचा हप्ता लाइव्ह झाल्यावर ३० दिवसांनी. ऑर्डर निघाल्यावर यातलं काहीही मागितलं की ते "एक्स्ट्रा" होतं.

२. तारीख ठरवा, पण कॅम्पसचं कॅलेंडर समोर ठेवून

महाराष्ट्रातल्या कॅम्पसला काही महिने सरळ काट मारायचे. मार्च नाही, कारण बिलं आणि बजेट खर्ची टाकायची घाई असते. एप्रिल-मे नाही, कारण तेव्हा परीक्षा आणि पावसाळ्याआधीची कामं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, गटारं, पन्हाळी साफ करणं. जून ते ऑगस्ट तर विचारच करू नका, गळतीच्या तक्रारी आणि हॉस्टेलला नवीन मुलं दोन्ही एकदम येतात.

माझ्या मते तयारी गणपती झाल्यावर सुरू करावी आणि प्रत्यक्ष बदल दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात किंवा डिसेंबरमध्ये करावा. सुट्टीच्या पहिल्या दिवशी करू नका, कारण तेव्हा निम्मा स्टाफ गावी असतो आणि व्हेंडरचा माणूसही असतो. कॅम्पस रिकामा हवा पण आपली माणसं हजर हवीत, असे दिवस सुट्टी संपताना मिळतात.

अजून एक, फायर सिस्टिम चालू स्थितीत असल्याचं फॉर्म बी प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं (महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६). त्याच्या आदल्या आठवड्यात सिस्टिम हलवू नका, तेव्हा हायड्रंट आणि फायर पंपाच्या नोंदी रोज लागतात.

३. हे सॉफ्टवेअर कुठे-कुठे जोडलंय ते शोधून काढा

या टप्प्याला दोन दिवस पुरतात, पण लोक तो सोडूनच देतात. कागदावर मध्ये सॉफ्टवेअरचं नाव लिहा आणि त्यातून काय बाहेर जातं, बाहेरून काय आत येतं त्या सगळ्याच्या रेघा काढा. साधारण हे सापडेल:

एसएमएस. तक्रार नोंदली, वायरमन नेमला, काम झालं असे तीन मेसेज जातात. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे प्रत्येक मेसेजचा टेम्प्लेट, म्हणजे ठरलेला मसुदा, डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर नोंदलेला असावा लागतो आणि पाठवलेला मजकूर त्याच्याशी जुळला नाही तर मेसेज जात नाही. नवीन व्हर्जनमध्ये व्हेंडरने कौतुकाने वाक्य थोडं सुधारलेलं असतं, "आपली" च्या जागी "तुमची" किंवा एक जास्तीचा पूर्णविराम, आणि तेवढ्याने सगळे एसएमएस अडकतात. मेसेजमध्ये लिंक असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून ती लिंकही व्हाइटलिस्ट (आधी नोंदवून मंजूर) केलेली लागते, म्हणजे सर्व्हरचा पत्ता बदलला तर तेही परत करायचं. नवीन टेम्प्लेट मंजूर व्हायला वेळ लागतो, तो अर्ज याच टप्प्यावर टाका. शिवाय मराठी मेसेज एका एसएमएसमध्ये ७० अक्षरांचाच बसतो, लांबला की दोन-तीन मेसेजचे पैसे लागतात.

क्यूआर स्टिकर. एसी, वॉटर कूलर, लिफ्ट, पॅनलवर आपण स्टिकर लावलेत ना, त्याच्या आत सॉफ्टवेअरचा जुना पत्ता असतो. पत्ता बदलला की कॅम्पसभरचे स्टिकर एका रात्रीत मेले. एक तर तोच पत्ता ठेवा किंवा जुन्या पत्त्यावरून नवीनवर आपोआप वळवायची सोय संगणक केंद्राकडून करून घ्या, आणि ती कायमची ठेवा, सहा महिन्यांची नको.

लॉगिन. विद्यार्थी आणि स्टाफ विद्यापीठाच्या ईमेल आयडीने आत येतात का वेगळा पासवर्ड आहे? जुने पासवर्ड नवीन सिस्टिममध्ये बहुधा चालत नाहीत, म्हणजे पहिल्याच सकाळी हजारो मुलांना पासवर्ड बदलावा लागणार. त्याची सूचना आधी हवी.

स्टोअर आणि अकाउंट्स. ट्यूबलाइट, एमसीबी (विजेचे ट्रिप होणारे स्विच), नळ यांचा स्टॉक इथूनच वजा होतो का स्टोअरच्या रजिस्टरला वेगळा? एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) बिलं या सिस्टिमच्या रिपोर्टवरून पास होतात का? मग तो रिपोर्ट हुबेहूब तसाच नवीनमध्ये निघायला हवा, नाहीतर वित्त विभाग बिल परत पाठवेल आणि ते बरोबरच असेल.

तपासा: प्रत्येक रेघेपुढे एका माणसाचं नाव आहे का? "व्हेंडर बघेल" हे नाव नाही.

४. डेटा साफ करा (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

आपल्याकडची लोकं घाण डेटा जसाच्या तसा नवीन सिस्टिममध्ये ओततात आणि मग म्हणतात नवीन सॉफ्टवेअर बरोबर नाही. साफसफाई जुन्या सिस्टिममध्येच करा, नवीनमध्ये जाऊन करू असं म्हणू नका, ते कधीच होत नाही.

आधी जागांची यादी. कॅम्पस, मग इमारत, मग मजला, मग खोली, असं झाड बनवा. पुणे विद्यापीठाचा मुख्य कॅम्पस ४११ एकरांचा आहे आणि कोल्हापूरचा शिवाजी विद्यापीठाचा ८५३ एकरांचा, एवढ्या पसाऱ्यात "मेन बिल्डिंगमागचा बाथरूम" या पत्त्यावर प्लंबर अर्धा दिवस फिरतो. प्रत्येक इमारतीला छोटा कोड द्या आणि सिस्टिम त्या कोडवर चालवा, नावावर नाही, कारण नावं बदलतात. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, जळगावचं २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचं झालं, आणि अख्ख्या विद्यापीठाचं नाव बदलू शकतं तर हॉस्टेल आणि सभागृहांचं काय. कोड तोच ठेवला की नाव बदललं तरी त्या इमारतीचा पंधरा वर्षांचा इतिहास सलग राहतो.

मराठीचे घोटाळे वेगळे बघावे लागतात, हे बाहेरच्या व्हेंडरला सुचतच नाही:

- एकाने "वसतिगृह" लिहिलंय, दुसऱ्याने "वसतीगृह", तिसऱ्याने "हॉस्टेल". सिस्टिमच्या दृष्टीने या तीन इमारती आहेत.
- खोली १०२ एकाने मराठी आकड्यांत टाइप केलीय, दुसऱ्याने इंग्रजी आकड्यांत. त्या दोन खोल्या झाल्या. एकच आकडे ठरवा आणि सगळीकडे तेच करा.
- जुन्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतील तर नवीन स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. त्या आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि कन्व्हर्ट झाल्यावर निदान शंभर नोंदी डोळ्याने वाचा, जोडाक्षरं आणि रफार तिथेच तुटतात.
- एसक्यूएल सर्व्हरमध्ये मजकूर साठवायच्या रकान्याचे दोन प्रकार असतात, रकाना व्हारचार असेल, एनव्हारचार नसेल, तर मराठी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठतात. एकदा प्रश्नचिन्हं झाली की मूळ मजकूर कशानेही परत येत नाही. आमच्याकडे पहिल्या ट्रायलला तक्रारीचं वर्णन असंच गेलं होतं, ट्रायल होती म्हणून वाचलो.

आता एक्सेल. डेटा एक्सेलमध्ये उघडून साफ करणारच सगळे, करा, पण रकाना आधी टेक्स्ट म्हणून सेट करा आणि फाइल डबल क्लिक करून उघडू नका, इम्पोर्ट करा. खोली नंबर "३-१२" असेल तर एक्सेल त्याची तारीख करतो, कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे ३ डिसेंबर किंवा १२ मार्च, आणि सेव्ह केलं की ती खोली गेली. "००७" चं नुसतं ७ होतं. १५ आकड्यांपेक्षा मोठा सिरीयल नंबर असेल तर पुढचे आकडे शून्य होतात. हे सगळं न विचारता होतं, कुठलीही एरर येत नाही.

मग वस्तूंची यादी, म्हणजे पंप, डीजी सेट (डिझेल जनरेटर), ट्रान्सफॉर्मर, एसी, कूलर, लिफ्ट. डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) आणि सॉफ्टवेअरमधली यादी कधीच जुळत नाही. निर्लेखित झालेले (नोंदीतून काढून टाकलेले) पंखे अजून "चालू" असतात आणि कंपन्यांच्या सीएसआर निधीतून आलेले नवीन प्युरिफायर कुठेच नसतात. सगळ्या कॅम्पसची मोजदाद करायला बसलात तर अपग्रेड पुढच्या वर्षी जाईल, म्हणून आधी फक्त ज्या वस्तूंची नियमित सर्व्हिसिंग होते आणि ज्या बंद पडल्यावर माणसांना धोका आहे त्या प्रत्यक्ष जाऊन बघा. बाकीचे पंखे-ट्यूबलाइट खोलीच्या नावावर टाकले तरी काम अडत नाही.

शेवटी उघड्या तक्रारी. दोन वर्षांपूर्वीची "नळ गळतो" अजून उघडी असेल तर जेईने एकेका इमारतीची यादी घेऊन बसावं आणि प्रत्येकीला झालं, करायचंय किंवा लागू नाही यातलं एक लावावं. सरसकट बंद करू नका, त्यात कधीकधी उघडी वायर किंवा सैल रेलिंगची तक्रार दडलेली असते.

तपासा: निवृत्त झालेल्यांची, बदलून गेलेल्यांची, जुन्या कंत्राटदाराच्या माणसांची लॉगिन बंद केली का? हे याच वेळी करा.

५. नियमित देखभालीचं वेळापत्रक वेगळं काढा

हा टप्पा मी मुद्दाम डेटाच्या टप्प्यातून वेगळा काढलाय कारण सगळ्यात घातक चूक इथे होते आणि ती महिनोन्‌महिने दिसत नाही. तक्रार हरवली तर माणूस ओरडतो, पण सर्व्हिसिंगची तारीख हरवली तर कोणीच ओरडत नाही, पंप जळेपर्यंत.

होतं असं की नवीन सिस्टिममध्ये "दर सहा महिन्यांनी" हे येतं पण "शेवटचं कधी केलं" ते येत नाही. मग ती लाइव्ह झालेल्या दिवसापासून सहा महिने मोजायला लागते. ज्या टाकीची सफाई पुढच्या आठवड्यात व्हायची ती एकदम अर्धं वर्ष पुढे ढकलली जाते. काही सॉफ्टवेअरमध्ये उलटं होतं, तारीख रिकामी म्हणजे थकीत असं धरून पहिल्या सकाळी सगळी कामं एकदम निघतात आणि तीन फिटरच्या नावावर दोनशे जॉब पडतात, मग ते वैतागून सगळे एकगठ्ठा "झालं" करून टाकतात.

म्हणून एक साधी शीट करा: वस्तू, काम, किती दिवसांनी, शेवटचं केल्याची तारीख, पुढची तारीख. तासांवर चालणाऱ्या वस्तूंना, म्हणजे डीजी सेटला, मीटरचं आत्ताचं रीडिंग आणि मागच्या सर्व्हिसिंगच्या वेळचं रीडिंग दोन्ही हवं, एक असून उपयोग नाही. लिफ्टची तपासणी, फायर पंप, अर्थिंगची चाचणी, ट्रान्सफॉर्मर ऑइल, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या या पाच गोष्टींच्या पुढच्या तारखा सिस्टिमशिवाय भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहा, निदान पहिलं वर्षभर.

तपासा: नवीन सिस्टिममधून पुढच्या ९० दिवसांची कामं काढा, जुन्यातून त्याच ९० दिवसांची काढा, दोन्ही शेजारी ठेवा. जुळलं नाही तर पुढे जाऊ नका.

६. बॅकअप घ्या, आणि तो परत उभा करून दाखवा

बॅकअप घेतला असं सगळेच सांगतात. प्रश्न विचारा की त्यातून दुसऱ्या मशीनवर सिस्टिम चालू करून बघितली का. नसेल तर तो बॅकअप आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही.

डेटाबेससोबत या चार गोष्टी हमखास राहतात: तक्रारीचे फोटो आणि बिलांचे स्कॅन (हे बहुधा डेटाबेसच्या बाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये असतात), आपल्यासाठी खास बनवलेले रिपोर्ट, सेटिंगच्या फाइल्स, आणि लायसन्स की, जी कधीकधी त्या ठरावीक मशीनलाच बांधलेली असते. एक कॉपी सर्व्हर रूमच्या बाहेर, दुसऱ्या इमारतीत ठेवा.

७. टेस्ट सर्व्हरवर पूर्ण रंगीत तालीम

जुन्या डेटाची कॉपी घ्या, वेगळ्या सर्व्हरवर अपग्रेड पूर्ण करा, अगदी त्या दिवशी करणार त्याच क्रमाने, आणि प्रत्येक पायरीला किती मिनिटं लागली ते लिहा. तालमीला १४ तास लागले तर त्या दिवशी ६ तासांत होणार नाही.

सावधान: कॉपी चालू करण्याआधी एसएमएस, ईमेल आणि वेळेत न सुटल्यामुळे आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जाणाऱ्या तक्रारींची साखळी बंद करा. नाहीतर टेस्ट सर्व्हर जागा होतो, त्याला वर्षभराच्या उघड्या तक्रारी थकीत दिसतात आणि तो खऱ्या विद्यार्थ्यांना आणि थेट कुलसचिवांना मेसेज पाठवत सुटतो. प्रत्यक्ष बदलाच्या दिवशीही हेच, ही साखळी सगळ्यात शेवटी चालू करायची.

मग मोजणी. एकूण तक्रारी, उघड्या तक्रारी, वस्तू, खोल्या, फोटो, युजर, जुन्यात किती आणि नवीनमध्ये किती. नुसती संख्या पुरत नाही, वीस नोंदी वेगवेगळ्या वर्षांच्या उचला आणि ओळ न ओळ बघा. वेळही बघा: नवीन सर्व्हर क्लाउडवर असेल आणि घड्याळ भारतीय वेळेवर नसेल तर सकाळी १० ची तक्रार पहाटे ४.३० ची दिसते, आणि "२४ तासांत काम झालं का" हा हिशोब सगळा चुकतो.

त्यानंतर खऱ्या माणसांकडून खरी कामं करून घ्या. रेक्टरने तक्रार टाकायची, क्लार्कने वाटायची, वायरमनने स्वतःच्या फोनवर उघडायची, स्टोअरमधून एमसीबी काढायची, फोटो टाकायचा, बंद करायची, रेक्टरने "झालं नाही" म्हणून परत उघडायची. ही शेवटची पायरी लोक तपासत नाहीत आणि नेमकी तीच बिघडलेली असते. हे इंजिनिअरने स्वतःच्या लॅपटॉपवर करून बघणं म्हणजे तपासणी नाही, त्याला सगळे अधिकार असतात म्हणून त्याला सगळं दिसतं.

एकदा तरी तळघरातल्या पॅनल रूममध्ये जाऊन बघा. तिथे रेंज नसते. अ‍ॅप नोंद धरून ठेवून नंतर पाठवतं की नुसतं फिरत बसतं, हे वायरमनला लाइव्ह झाल्यावर कळू देऊ नका.

८. ट्रेनिंग, पण हॉलमध्ये नाही

सेमिनार हॉलमध्ये सगळ्यांना बसवून दोन तासांचं प्रेझेंटेशन देऊ नका. वायरमन, प्लंबर, सुतार, पंप ऑपरेटर यांना त्यांच्या शिफ्टला, त्यांच्या खोलीत, चार-पाच जणांना मिळून पंधरा-वीस मिनिटं द्या, हातात त्यांचाच फोन. रात्रपाळीच्या ऑपरेटरला रात्रीच जाऊन शिकवा. फोन किती जुने आहेत तेही तेव्हाच कळतं, अ‍ॅप ज्यांच्या फोनवर बसतच नाही त्यांची यादी करा आणि विद्यापीठाकडून फोनची सोय होत नसेल तर त्यांना छापील जॉब स्लिप चालू ठेवा. त्यात काहीच कमीपणा नाही, काम झाल्याची नोंद आली म्हणजे झालं.

आमच्याकडचे एक जुने सुतार म्हणाले, मॅडम, मला फक्त "पुढचं काम" आणि "झालं" ही दोन बटणं दाखवा. तेव्हापासून मी ट्रेनिंग तिथूनच सुरू करते. बाकीचं ते स्वतः विचारतात.

९. बदलाचा दिवस

क्रम असा ठेवा:

१) आठ दिवस आधी सगळ्या विभागांना आणि हॉस्टेलना सूचना: अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत ऑनलाइन तक्रार बंद, तातडीच्या कामाला हा फोन नंबर.

२) शुक्रवारी संध्याकाळी नवीन नोंदी बंद. जुनी सिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवा.

३) कंप्लेंट सेलमध्ये कागदी रजिस्टर सुरू. त्यातल्या नंबरांना वेगळी मालिका द्या, म्हणजे "कागद १" पासून, नाहीतर नंतर चढवताना जुन्या नंबरांत मिसळतात. वीकेंडलाही पाणी जातं, मुलं लिफ्टमध्ये अडकतात, त्यामुळे इथे माणूस बसलेलाच हवा.

४) शेवटचा बॅकअप, टप्पा ६ मधल्या चारही गोष्टींसकट.

५) अपग्रेड, तालमीच्या कागदाप्रमाणे. त्या दिवशी सुचलेली कुठलीही सुधारणा करायची नाही.

६) मोजणी आणि वीस नोंदी, तालमीसारख्याच.

७) निर्णयाची वेळ. ही आधीच ठरलेली असावी, समजा रविवारी दुपारी २. तोपर्यंत मोजणी जुळली नाही तर जुनी सिस्टिम परत चालू करायची. हा निर्णय घेणारा माणूस तिथे हजर असावा आणि तो थकलेला नसावा, म्हणजे रात्रभर अपग्रेड करणारा तो नसावा.

८) कागदी रजिस्टरमधल्या तक्रारी चढवा, मग एसएमएस चालू, आणि ती वर जाणारी साखळी सोमवारी दुपारनंतर.

सावधान: "अजून एक तास द्या, होतंय" हे वाक्य रविवारी दुपारी २ वाजता ऐकू येतंच. व्हेंडरचा माणूस मनापासून म्हणत असतो. तरी परत फिरा, पुढच्या वीकेंडला करा.

१०. पुढचे पंधरा दिवस

रोज सकाळी साडेनऊला दहा मिनिटं कंप्लेंट सेलमध्ये उभं राहून चार आकडे बघा: काल आलेल्या तक्रारी, नेमलेल्या, बंद झालेल्या, परत उघडलेल्या. आलेल्या एकदम कमी झाल्या तर खूश होऊ नका, लोकांना टाकताच येत नसेल. मागच्या वर्षी याच आठवड्यात किती होत्या ते शेजारी लिहून ठेवा. बंद होण्याचा वेग एकदम वाढला तर दोन-चार ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन बघा.

जुन्यावर परत जायचं की नाही याची मुदत तिसऱ्या दिवशी संपवा. त्यानंतर परत गेलात तर नवीनमध्ये झालेल्या नोंदी हाताने भराव्या लागतील आणि त्या कोणी भरत नाही, म्हणून तिसऱ्या दिवसानंतर जे काही निघेल ते नवीनमध्येच दुरुस्त करायचं.

चुकांची यादी एकाच जागी ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको, तिथे गुड मॉर्निंगखाली सगळं गाडलं जातं. प्रत्येक चुकीपुढे काम थांबलंय का नुसतं दिसायला वाईट आहे हे लिहा, व्हेंडरकडून पहिली सगळी आधी करून घ्या.

जुना सर्व्हर लगेच पुसू नका. तो नेटवर्कवरून बाजूला काढा, फक्त वाचण्यापुरता ठेवा, कारण मागच्या वर्षांच्या एएमसीच्या बिलांवर ऑडिटचे प्रश्न येतात आणि तेव्हा मूळ नोंद दाखवावी लागते. सर्व्हरचे लॉग (कोणी कधी काय केलं त्याच्या नोंदी) सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवस तरी ठेवायचेच आहेत. पण शेवटच्या हप्त्याआधी त्यातले विद्यार्थ्यांचे मोबाईल नंबर आणि खोली नंबर असलेले तक्ते कुठे-कुठे कॉपी झालेत ते शोधा, टेस्ट सर्व्हरवर, व्हेंडरच्या लॅपटॉपवर, साफसफाईच्या एक्सेल फाइल्समध्ये, आणि ते सगळं पुसल्याचं व्हेंडरकडून लेखी घेतल्यावरच शेवटच्या हप्त्याची फाइल वित्त विभागाकडे पाठवा.